प्रकाशाचा हिशेब आणि रेंडर फाइलींचे रूपांतर



सिनेमातला राक्षस, जाहिरातीतली मोटार, अजून पायाही न खणलेल्या इमारतीचे चकचकीत चित्र, ही सगळी दृश्ये रेंडरिंग नावाच्या प्रक्रियेतून येतात. वस्तू, त्यांचे पोत, दिवे आणि कॅमेरा यांचे वर्णन संगणकाला द्यायचे आणि प्रत्येक बिंदूपाशी किती प्रकाश पोचेल ते त्याच्याकडून मोजून घ्यायचे. या मोजणीचा निकाल ज्या फाइलीत उतरतो ती मोबाइलमधल्या फोटोसारखी नसते. ती अवाढव्य असते, घरच्या संगणकावर सहसा उघडतही नाही आणि उघडली तरी काळपट किंवा भगभगीत दिसते. काम संपले, बिले चुकती झाली, की या फाइलींचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक स्टुडिओपुढे उभा राहतो. मग कोणीतरी सुचवतो की त्या एखाद्या आधुनिक, दाबून लहान केलेल्या प्रकारात बदलून टाकू. आज मला याच सूचनेविषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे असे की रूपांतर जरूर करावे, ते न करण्यातही धोका आहे. पण ते नीट झाले की नाही हे डोळ्यांवर सोडू नये. नव्या फाइलीतून मूळ आकडे जसेच्या तसे परत काढता येतात का, ही एकच कसोटी लावावी.

आधी ओझे किती ते पाहू. सिनेमाच्या ४के फ्रेममध्ये ४०९६ गुणिले २१६०, म्हणजे ८८ लाख ४७ हजार ३६० बिंदू असतात. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे प्रत्येक बिंदूला आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ७१ मेगाबाइटची होते. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने शंभर मिनिटांच्या चित्रपटात १ लाख ४४ हजार फ्रेम येतात आणि बेरीज १० टेराबाइटवर जाते. हे फक्त अंतिम चित्राचे झाले. रेंडरिंगमधून एकच चित्र बाहेर पडत नाही. थेट प्रकाश वेगळा, परावर्तित प्रकाश वेगळा, सावली वेगळी, कॅमेऱ्यापासूनचे अंतर, पृष्ठभागाची दिशा, कोणता बिंदू कोणत्या वस्तूचा याची नोंद, असे अनेक ‘पास’ निघतात आणि कॉम्पोझिटिंग करणारा कलावंत त्यातून अंतिम चित्र जुळवतो. प्रत्येक बिंदूला वीस आकडे साठवले तर तोच चित्रपट ५० टेराबाइटच्या पुढे जातो. ‘इंटरस्टेलर’ या २०१४च्या चित्रपटाचा डेटा ८०० टेराबाइटच्या घरात गेल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. अशा ढिगाऱ्यापुढे बसलेल्या माणसाला फाइली लहान करण्याचा मोह झाला तर त्याला दोष देता येणार नाही.

या फाइली इतक्या जड का, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. नेहमीच्या चित्रात प्रत्येक रंगाला एक बाइट मिळतो, म्हणजे २५६ पायऱ्या. सर्वांत वरची पायरी पांढरा. त्याच्यावर काही नाही. पडद्यावर दाखवायला हे पुरते. पण खऱ्या जगात पांढरा कागद, पेटलेला बल्ब आणि सूर्य यांच्यात लाखोपटींचे अंतर असते आणि २५६ पायऱ्यांच्या चित्रात तिघेही एकाच पायरीवर येऊन बसतात. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८५पासून ‘रेडियन्स’ ही प्रणाली विकसित केली, तेव्हा त्यांना इमारतीत दिवसाचा उजेड किती येतो हे काढायचे होते. देखणे चित्र हा त्यांचा उद्देश नव्हता. त्यांनी फाइलीचा एक साधा, चतुर आराखडा केला: तीन रंगांना एकेक बाइट आणि चौथ्या बाइटमध्ये तिघांचा मिळून एक घातांक. चार बाइटमध्ये जवळजवळ एक टक्का अचूकतेने प्रकाशाचे प्रचंड मोठे पल्ले मावले. पुढे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत १९९९पासून दुसरा आराखडा आकाराला आला, तो ओपनईएक्सआर. यात प्रत्येक आकडा सोळा बिटांचा, अपूर्णांक साठवणारा: एक बिट चिन्हाला, पाच घातांकाला, दहा तपशिलाला. प्रकाश दुप्पट होईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यात १०२४ पायऱ्या, ऋण आकड्यांनाही जागा, आणि सर्वांत मोठा आकडा ६५,५०४. कंपनीने तो २००३मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि आज व्हीएफएक्सचा, म्हणजे चित्रपटांतल्या संगणकी दृश्यांचा, जगभरचा व्यवहार याच फाइलींवर चालतो. मुंबईतल्या स्टुडिओंत ज्यांना नुसते ‘ईएक्सआर’ म्हणतात त्या याच.

या दोन आराखड्यांची तुलना केली की रूपांतराचा पहिला धडा मिळतो. आकाशाची रेडियन्स फाइल घ्या. तिच्यात सूर्याच्या बिंबाचा आकडा कोटीच्या घरात असू शकतो. ती सोळा बिटांच्या ईएक्सआरमध्ये बदलली की ६५,५०४च्या वरचे काही तिथे मावतच नाही. सूर्य शेकडोपट मंद होतो किंवा त्या जागी अनंताचे चिन्ह येऊन बसते. उलट दिशेने जा, ईएक्सआरची रेडियन्स फाइल करा, की सूर्य शाबूत राहतो पण बारीक तपशील खरवडला जातो आणि ऋण आकडे नाहीसे होतात. दोन्ही प्रकार व्यावसायिक, दोन्ही प्रकाशाची मोजमापे साठवण्यासाठीच बनलेले, तरी नुकसान झालेच. आणि हे नुकसान पडद्यावर दिसत नाही, कारण पडद्यावर सूर्य आधीही पांढरा होता आणि नंतरही पांढराच आहे. परंतु याच फाइलीवरून वास्तुविशारद जेव्हा खोलीत डोळे दिपतील का हे काढतो, तेव्हा त्याचे सूत्र बिंबाची नेमकी तेजस्विता मागते. मंद झालेल्या सूर्यावर ते सूत्र चालवले तर खोली सुखद असल्याचा निर्वाळा मिळेल. खिडकीपाशी बसणाऱ्याला मात्र रोज दुपारी पडदा ओढावा लागेल.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. वास्तुविशारदाचे सोडा, सिनेमा शेवटी डोळ्यांनीच पाहायचा असतो. डोळ्याला फरक कळत नसेल तर आकड्यांचा एवढा कैवार कशाला? आधुनिक कॉम्प्रेशनचे सारे शास्त्र मानवी डोळ्याच्या मर्यादांवर उभे आहे आणि ते थोर शास्त्र आहे. जेपेगच्या पोटात जे गणित चालते, ते डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, १९७४मध्ये ज्या तिघांच्या नावाने प्रसिद्ध झाले ते नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव हे तिघेही भारतीय वंशाचे. आपल्याकडे याची फारशी कोणाला माहिती नसते. एव्हिफ, जेपेग एक्सएल हे नवे प्रकार याच परंपरेतले आणि कितीतरी तरबेज आहेत. बारा बिटांत पडद्याच्या उजेडाचा सगळा पल्ला, पायऱ्या न दिसू देता, बसवण्याची सोयही आता आहे. तेव्हा आक्षेप खोटा नाही. तो अपुरा आहे.

अपुरा अशासाठी की डोळ्याची मर्यादा ही चित्र आहे तसे पाहिल्यास लागू होते आणि रेंडर फाइल कधीच आहे तशी पाहिली जात नाही. कलावंत तिचा उजेड वाढवतो, रंग फिरवतो, एका पासला दुसऱ्याने गुणतो, मागे धुके घालतो. उजेड तीन स्टॉप वाढवला म्हणजे प्रत्येक आकड्याला आठने गुणले, आणि आकड्यासोबत त्यात लपलेली चूकही आठपट झाली. सावलीतल्या ज्या भागात डोळ्याला काही दिसणार नाही म्हणून कॉम्प्रेशनने काटछाट केली होती, नेमका तोच भाग उजळला की चौकोनी ठिगळे वर येतात. वीस वर्षांनी चित्रपट नव्या, अधिक तेजस्वी पडद्यासाठी पुन्हा तयार करायचा असेल तेव्हाही हेच होणार. काटछाट करणाऱ्या प्रोग्रॅमने आजचा पडदा आणि आजचा प्रेक्षक गृहीत धरलेला असतो. फोटोग्राफीच्या जुन्या भाषेत सांगायचे तर रेंडर फाइल ही निगेटिव्ह आहे आणि वेबसाठीची वेबपी किंवा एव्हिफ ही तिच्यावरून काढलेली छापील प्रत. छापील प्रत उत्तम असू शकते. ती काढून झाल्यावर निगेटिव्ह फेकून द्यावी, असे कोणी म्हणणार नाही.

पारदर्शकतेचा प्रश्न घ्या. चित्रावर चित्र चढवण्याचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४मध्ये मांडले आणि आजही सगळे कॉम्पोझिटिंग त्यावर चालते. ईएक्सआरमध्ये रंगाचे आकडे पारदर्शकतेने आधीच गुणलेले असतात. त्यामुळे एक गमतीची शक्यता उरते: बिंदू पूर्ण पारदर्शक आहे, मागचे काहीही झाकत नाही, तरी स्वतःचा प्रकाश फेकतो. ज्योतीभोवतीची आभा, लेन्समधली चकाकी, ठिणगीची झळाळी यांची नोंद अशीच होते. पीएनजी आणि वेबपीमध्ये रंग न गुणलेले ठेवायचे असतात. रूपांतर करणारा प्रोग्रॅम मग रंगाला पारदर्शकतेने भागायला जातो, भाजक शून्य निघतो आणि आभा पुसली जाते. इथे दाबण्याचा, आकुंचनाचा संबंधच नाही. पीएनजी तर एकही बिंदू न गमावणारा म्हणून मिरवतो. फक्त आराखडा बदलल्याने ज्योत विझली. प्रकार लॉसलेस आहे याचा अर्थ रूपांतर लॉसलेस आहे असा होत नाही, हे स्टुडिओत नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे.

आणि जे पास प्रकाश मोजतच नाहीत त्यांचे काय? कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा पास पाहा. पुढे उभा माणूस तीन मीटरवर, मागची भिंत तीस मीटरवर. चित्र गुळगुळीत करणाऱ्या कॉम्प्रेशनने कडेच्या बिंदूंची सरासरी काढली तर तिथे चौदा, सतरा, वीस असे आकडे येतात, म्हणजे दृश्यात जिथे काहीच नाही तिथे माणसाची एक झिरझिरीत कड उगवते. नंतर धुके घातले की ती ठसठशीत दिसते. याहून टोकाचे उदाहरण क्रिप्टोमॅटचे. सायॉप या स्टुडिओतल्या जोना फ्रीडमन आणि अँड्र्यू जोन्स यांनी २०१५मध्ये मांडलेल्या या पद्धतीत वस्तूच्या नावापासून गणिताने एक बत्तीस बिटांचा आकडा काढतात आणि तो रंगाच्या जागी साठवतात. तो आकडा म्हणजे वस्तूची ओळख. शेवटचा एक बिट बदलला तरी ती ओळख संपते. किंचित चुकलेली ओळख असे काही नसतेच. आता ड्रीमवर्क्स या स्टुडिओने ओपनईएक्सआरला दिलेली डीडब्ल्यूएए ही पद्धत पाहा. ती लाल-हिरव्या-निळ्या चॅनेलची काटछाट करते आणि अनोळखी चॅनेल जसेच्या तसे ठेवते, म्हणजे वागते समंजसपणे. पण चॅनेल रंगाचे आहे हे ती ओळखते नावाच्या शेवटच्या अक्षरावरून. क्रिप्टोमॅटच्या चॅनेलचे नावही पुष्कळदा आर, जी, बी यांवर संपते. परिणाम असा की कलावंताने फक्त ‘फाइल लहान कर’ म्हटले आणि सगळ्या वस्तूंच्या ओळखी भुगा होऊन गेल्या. डीडब्ल्यूएए वाईट नाही. रोजच्या कामासाठी, दिग्दर्शकाला शॉट दाखवण्यासाठी, जाळ्यावरून फाइल झटकन पाठवण्यासाठी ती फार उपयोगी आहे, आणि अशा कामाला मी लॉसी, म्हणजे काटछाट करणाऱ्या, पद्धतीला विरोध करणार नाही. आक्षेप आहे तो कामाच्या सोयीला जतनाचा दर्जा देण्याला.

मग काहीही न गमावता फाइल लहान होते का? होते, आणि बरीच होते. ओपनईएक्सआरची स्वतःची माहितीपुस्तिका सांगते की कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांच्या बाबतीत सर्वांत साधी आरएलई पद्धत फाइल मूळच्या ६० ते ७५ टक्क्यांवर आणते, झिप ४५ ते ५५ टक्क्यांवर आणि लहरींच्या गणितावर चालणारी पिझ ३५ ते ५५ टक्क्यांवर. या तिन्हींत एकही बिट हरवत नाही. म्हणजे दहा टेराबाइटचा चित्रपट पाचांवर येऊ शकतो आणि त्यासाठी कुठल्या नव्या प्रकाराकडे जावेही लागत नाही; आहे त्याच फाइलीचे आतले पॅकिंग बदलायचे. कॉम्प्रेशन न वापरता पडून असलेल्या ईएक्सआरचे हे रूपांतर आजच्या आज करावे, यात विचार करण्यासारखे काही नाही.

याच्या पुढे जायचे तर जेपेग एक्सएल हा खरा उमेदवार आहे. २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेला हा प्रकार सोळा आणि बत्तीस बिटांचे अपूर्णांक साठवू शकतो, लॉसलेस चालू शकतो आणि रंगांखेरीज हजारो जादा चॅनेल घेऊ शकतो. वेबपी आठ बिटांवर अडतो, एव्हिफ नेहमीच्या वापरात बारा बिटांवर. त्यांच्या मानाने हे मोठेच पाऊल. तरीही ईएक्सआरमधले सगळे यात उतरत नाही. एका बिंदूत एकामागे एक अनेक खोलींवरचे थर साठवणारा ‘डीप’ डेटा, जो २०१३च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ईएक्सआरमध्ये आला, त्याला जेपेग एक्सएलमध्ये जागा नाही. चौकटीच्या बाहेरचे जादा बिंदू, कॅमेऱ्याचे मॅट्रिक्स, टाइमकोड, स्टुडिओने स्वतः लिहिलेल्या नोंदी यांच्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. शिवाय आराखड्यात सोय असणे वेगळे आणि हातातल्या प्रोग्रॅमने ती वापरणे वेगळे. सहज मिळणारे पुष्कळ प्रोग्रॅम ईएक्सआर उघडताना चार नेहमीचे चॅनेल वाचतात आणि बाकीचे काही न सांगता सोडून देतात. फाइल वीस चॅनेलची आत गेली, चारांची बाहेर आली आणि आकार घटला म्हणून सगळे खूश, असे होऊ शकते. म्हणूनच मी कसोटी आकाराची लावत नाही.

माझी कसोटी पुस्तकी आहे असे म्हणणाऱ्यांना रॉकुक्डचे उदाहरण देतो. चित्रपटाच्या स्कॅनिंगमधून निघणाऱ्या डीपीएक्स फाइली एफएफव्ही१ या लॉसलेस प्रकारात बदलणारे हे साधन बिंदू तर सांभाळतेच, पण प्रत्येक फाइलीचे शीर्ष, त्यातली रिकामी जागा, सगळे बाजूला टिपून ठेवते. मागितली की मूळ फाइल शेवटच्या बाइटपर्यंत तशीच परत उभी राहते. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा राष्ट्रीय संग्रह हे साधन वापरतो. हे लोक जागा वाचवतात आणि रात्री शांत झोपतात, कारण उद्या एफएफव्ही१ नकोसा झाला तर परतीचा रस्ता मोकळा आहे.

आता दुसरा आक्षेप, तो अगदी उलट बाजूचा. जतन करायचे तर मुळात दाबायचेच कशाला? यामागे मोठे नाव आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या एसीईएस या रंग-व्यवस्थेसाठी फाइलींचे जे मानक २०१३मध्ये ठरले, ते ईएक्सआरचेच एक रूप आहे आणि त्यात कॉम्प्रेशनला मज्जाव आहे. युक्तिवाद असा की न दाबलेल्या फाइलीत एक बिट बिघडला तर एक बिंदू जातो, दाबलेल्या फाइलीत एक बिट बिघडला तर मोठा भाग जातो. खरे आहे. पण किती मोठा? ईएक्सआरची झिप पद्धत सोळा-सोळा ओळींचे गठ्ठे करते, म्हणजे सोळा ओळी जातील. दर फ्रेमची फाइल वेगळी असल्याने नुकसान तिथेच थांबेल. आणि बिघाडावरचा खरा इलाज दुसरी प्रत हा आहे. फाइल अर्ध्यावर आली तर त्याच पैशात दोन प्रती दोन शहरांत ठेवता येतात, एक प्रत न दाबता एका जागी ठेवण्यापेक्षा ते केव्हाही सुरक्षित. पैशाचा मुद्दा क्षुल्लक नाही. याच अकादमीच्या २००७च्या ‘द डिजिटल डिलेमा’ या अहवालाने काढले होते की चित्रपटाची फिल्मवरची मूळ प्रत सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर लागतात आणि ४के डिजिटल प्रत सांभाळायला १२,५१४. डिस्क तेव्हापासून स्वस्त झाल्या, पण फ्रेमही जड झाल्या आणि पासही वाढले. जतनाचा खर्च झेपेनासा झाला की निर्माता दाबण्याचा आणि न दाबण्याचा तात्त्विक वाद घालत बसत नाही. तो फाइली पुसतो. शुद्धतेच्या आग्रहाने आजवर किती फाइली वाचल्या हे मोजायचे, तर त्या आग्रहापायी न परवडून पुसल्या गेलेल्याही मोजाव्या लागतील.

तिसरा आक्षेप स्टुडिओतले लोक करतात: फ्रेम गेली तर गेली, दृश्याची मूळ फाइल आहे, पुन्हा रेंडर करू. ऐकायला हे बिनतोड वाटते. ‘टॉय स्टोरी’ १९९५मध्ये आला आणि २००९मध्ये त्याची थ्रीडी आवृत्ती निघाली, त्यासाठी पिक्सारने जुनी दृश्ये पुन्हा रेंडर केली. जुना डेटा शोधून, तो नव्या यंत्रणेत चालता करायलाच चार महिने लागले, आणि ही गोष्ट त्या स्टुडिओची, ज्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर होते, स्वतःची माणसे होती आणि जो कधी बंद पडला नव्हता. रिदम अँड ह्यूजचे तसे झाले नाही. ‘लाइफ ऑफ पाय’च्या व्हीएफएक्सला ऑस्कर मिळाले त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१३मध्ये, या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता, तिची एक शाखा मुंबईत होती. स्टुडिओ मोडला की खास त्याच्यासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर चालवणारे हात पांगतात. ‘इंटरस्टेलर’मधल्या कृष्णविवरासाठी डबल निगेटिव्ह या स्टुडिओच्या चमूने भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून स्वतंत्र रेंडरर लिहिला होता. आयमॅक्सची एक फ्रेम २ कोटी ३० लाख बिंदूंची, आणि काही फ्रेमना शंभर तासांपर्यंत वेळ लागल्याचे सांगितले गेले. त्या कामावर २०१५मध्ये भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात शोधनिबंध आला. अशी फ्रेम ‘पुन्हा करू’ म्हणणे सोपे आहे, करणे महाग आहे.

एक बारीकसा, पण हुशार आक्षेप राहिला. रेंडरिंगमध्ये किरण यादृच्छिक सोडले जातात, त्यामुळे फ्रेममध्ये रवाळपणा असतो. लॉसलेस फाइल जड राहते ती मुख्यतः या रव्यांमुळे, कारण यादृच्छिक आकडे दाबले जात नाहीत. मग हा कचरा बिट न् बिट कशाला जपायचा? कारण रवा घालवण्याची विद्या दर काही वर्षांनी सुधारते आहे. डिस्ने आणि पिक्सारशी संबंधित संशोधकांनी २०१७मध्ये ‘फाइंडिंग डोरी’तल्या ६०० फ्रेमवर एक न्यूरल नेटवर्क शिकवले आणि ते ‘कार्स ३’ व ‘कोको’च्या फ्रेमवर चालवून दाखवले. अशी नेटवर्क रव्याचे स्वरूप आणि सोबतचे रंगाचे, दिशेचे पास पाहून मागचे चित्र ओळखतात. काटछाट करणाऱ्या कॉम्प्रेशनने रवा आधीच चेपून टाकला असेल तर त्यांना वाचायला ठिगळे तेवढी उरतात.

नवे प्रकार टिकतील का, ही शंका मी थोडक्यात आटोपतो. गूगलने २०२२मध्ये क्रोममधून जेपेग एक्सएलचा प्रायोगिक आधार काढायचे ठरवले तेव्हा अनेकांनी त्याचे श्राद्ध घातले, पुढच्याच वर्षी अॅपलच्या सफारीने तो स्वीकारला. ब्राउझरांच्या मर्जीवर जतनाचे धोरण ठरत नाही, कारण सर्वसाधारण वेबवर कधीच न रुजलेले जेपेग २००० हे आज थिएटरात जाणाऱ्या प्रत्येक डिजिटल प्रतीच्या आत बसलेले आहे. रूपांतर उलटवता येत असेल तर प्रकार बदलत राहिले तरी बिघडत नाही.

महाराष्ट्राला या सगळ्याशी कर्तव्य आहे. मुंबईत परदेशी चित्रपटांच्या व्हीएफएक्सचे मोठे काम होते. त्या फ्रेमची मालकी परदेशी निर्मात्याची आणि त्यांची चिंता तो करील. मराठी चित्रपटांत आता किल्ले, लढाया, गर्दी संगणकावर उभी राहते, त्या फ्रेमची चिंता कोणी करायची? पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातल्या साठ्याला ८ जानेवारी २००३ला लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्म किती सहज जाते हे आपण पाहिलेले आहे. रेंडर फाइली जाताना धूरही निघत नाही. एखादी हार्ड डिस्क नव्या कामासाठी मोकळी केली जाते, इतकेच.

म्हणून मराठी निर्मात्यांना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या स्टुडिओंना माझी विनंती आहे. करार करतानाच लिहून ठेवा की अंतिम फ्रेम आणि मुख्य पास लॉसलेस दाबून, दोन प्रतींत, चॅनेलच्या नावांच्या यादीसह सुपूर्द होतील. पाहण्यासाठीची लहान प्रत हवी तेवढी दाबा, पण तिच्या नावातच ‘फक्त पाहण्यासाठी’ असे लिहा. आणि मूळ फाइल पुसण्यापूर्वी नवी फाइल उलगडून दोन्हींतला फरक प्रत्येक चॅनेलमध्ये, प्रत्येक बिंदूला मोजा. हे काम यंत्र रातोरात करते, त्यासाठी लागणारे ओपनइमेजआयओसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात. उत्तर शून्य आले नाही, तर मूळ फाइल पुसू नका.